न हलणारा आकडा

“हात लाव,” रेगे सर म्हणाले.

मी हातमोजा काढला आणि तेलाच्या विहिरीतून निघून कपाशीच्या शेतात शिरणाऱ्या पाइपावर तळहात ठेवला. जानेवारीतली सकाळ होती, साडेसहा वाजले असतील. नर्मदेपलीकडच्या त्या भागात पहाटे इतकं दव पडतं की चालता चालता बूट भिजतात. पाइप मात्र कोमट होता.

“काय वाटतं?”

“कोमट आहे, सर.”

“परवापेक्षा?”

“जास्त वाटतोय.”

आजाऱ्याचा ताप बघतात तसा त्यांनी स्वतःचा हात पाइपावर ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. जमिनीच्या पोटातून तेल गरम येतं. जितकं जास्त तेल, तितका पाइप गरम. हे तेलक्षेत्रातल्या चौकीदारालाही ठाऊक असतं.

“काल संध्याकाळचा आकडा काय?”

“सहा पूर्णांक एक.”

“आणि परवाचा?”

“सहा.”

त्यांनी हात काढून घेतला. “मग ऊन लागलं असेल पाइपाला.”

सूर्य अजून उगवायचा होता. त्यांना ते दिसतच होतं.

डॉ. दिनकर रेगे आमच्या कंपनीच्या संशोधन विभागात होते. चौदा वर्षं त्यांनी एकाच गोष्टीमागे घालवली होती. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही इतक्या बारीक आवाजाच्या लाटांनी म्हातारी झालेली तेलविहीर पुन्हा वाहती करायची. त्यासाठी त्यांनी एक पुरुषभर उंचीची, मनगटाएवढी जाड पोलादी नळी बनवली होती. ती केबलला बांधून विहिरीत हजारभर मीटर खाली सोडायची आणि वरून वीज द्यायची. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. विहिरींची दुरुस्ती करणाऱ्या रिगवरच्या पोरांनी तिला पहिल्याच दिवशी ‘भोंगा’ म्हणायला सुरुवात केली.

“साहेब, भोंगा वाजला का?” ती विचारत.

“वाजला ना. तुमचे कान बहिरे, त्याला मी काय करू?” सर उत्तर देत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि सात नंबरच्या केंद्राची प्रमुख होते. आजूबाजूच्या चौदा विहिरींचं तेल पाइपांतून आमच्या टाक्यांमध्ये येई, तिथे ते मोजायचं आणि पुढे पाठवायचं. एवढ्या मोठ्या तेलक्षेत्रात केंद्र सांभाळणारी बाई मी एकटीच. त्याचा मला अभिमान होता आणि धाकही.

सर पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा चहा करत होते टाक्यांमधलं तेल मोजणारे आमचे ऑपरेटर शिर्केकाका. गाळणी चोथ्याने तुंबली होती आणि चहा थेंब थेंब गळत होता. सरांनी उठून गाळणीच्या कडेला चमच्याने टकटक केलं. चहा धो धो खाली आला.

“झालं माझं संशोधन,” ते म्हणाले. “विहिरीभोवतीच्या खडकाची भोकं मेणाने आणि गाळाने तुंबतात. खडकात तेल असतं, पण बाहेर येत नाही. मी टकटक करतो. चौदा वर्षं टकटक करतोय, सबनीस, पण गाळणी कोणी हातात देत नव्हतं.”

आता दिली होती, पण एकच. एकतीस जानेवारीला सर निवृत्त होणार होते. त्याआधी एका विहिरीवर एकदा प्रयोग करायची परवानगी मिळाली होती. दहा दिवसांत उत्पादन दीडपट झालं तर आणखी दहा विहिरी आणि सरांना दोन वर्षं मुदतवाढ. नाही झालं तर फाइल बंद आणि भोंगा भांडारात.

“किती होईल सर?” मी विचारलं. प्रयोगाची, एकशे बारा नंबरची विहीर तेव्हा दिवसाला सहा घनमीटर देत होती.

“अकरा. साडेदहाच्या खाली नाही, साडेअकराच्या वर नाही. हवं तर लिहून देतो.” आणि खरंच माझ्या टेबलावरच्या पॅडवर त्यांनी लिहून दिलं.

“नाही झालं तर?”

“तर चौदा वर्षं मी नुसता भोंगा वाजवला असं समजायचं.” हे ते हसत म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं की आमचं केंद्र त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. तेहेतीस केंद्रांचे वर्षभराचे रोजचे आकडे मागवून वाचले होते. सगळ्यांचे वर-खाली होणारे. आज चार, उद्या नऊ. “तुझ्या केंद्राचा आकडा हलत नाही. इतकं चोख मोजमाप मी दुसरीकडे पाहिलं नाही. इथे आकडा वर गेला तर कोणाची शंका घ्यायची टाप नाही.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या कामाचं कौतुक केलं होतं. तो आकडा का हलत नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही त्याबद्दल बोलले नाही.

सरांनी स्वतःवर दोन बंधनं घालून घेतली. एक, प्रयोग झाल्यावर ते केंद्रात पाऊल ठेवणार नाहीत, टाकीजवळ जाणार नाहीत. “मी मोजलं तर म्हणतील म्हाताऱ्याने निवृत्तीच्या तोंडावर फुगवलं.” दुसरं, प्रयोगाचा निकाल मोजणाऱ्या माणसाच्या आकड्यावर ठरणार आहे हे त्याला सांगायचं नाही. “त्याला कळलं की त्याचा हात नकळत हलतो. माणूस भला असला तर जास्तच हलतो.”

मी दोन्ही पाळलं. रिग आली, विहिरीतला पंप काढला, भोंगा खाली गेला. आठ तास सर एका पेटीसमोर बसून होते. पेटीवर काटे होते, हिरवे-तांबडे दिवे होते आणि आवाज काहीच नव्हता. मग भोंगा वर काढला, पंप परत बसवला आणि मान वर-खाली करत तो चालू झाला. सरांनी विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत मुक्काम ठोकला. तिथून तीन किलोमीटरवर केंद्र. रोज संध्याकाळी मी जीपने जाऊन त्यांच्या हातात आकड्याची चिठ्ठी द्यायची.

सहा. सहा पूर्णांक एक. सहा. पाच पूर्णांक नऊ.

चौथ्या दिवशी चिठ्ठी वाचून ते म्हणाले, “वेळ लागतो कधीकधी.” सहाव्या दिवशी म्हणाले, “पंपात काही अडकलं असेल का?” मी पंप तपासून घेतला. पंप ठणठणीत होता. आठव्या दिवशी चिठ्ठी घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि मला विचारलं, “जेवलीस का?”

रोज सकाळी मात्र ते पाइपाला हात लावून बघत. मी गेले की मलाही लावायला सांगत. पाइप रोज कोमट असे, एकदा तर चांगला गरम होता. “हाताचं काय खरं आहे,” ते म्हणत. “हाताला हवं ते लागतं. आकडा सांगतो ते खरं.”

दहाव्या दिवशी अकरा वाजता चीफ इंजिनिअर ओझासाहेब निकाल ऐकायला विहिरीवर यायचे होते. मी सकाळी आठलाच केंद्रात गेले. शेवटचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घ्यायचा होता.

शिर्केकाका तीन नंबरच्या टाकीवर चढले होते. बडोद्याचे मराठा, पन्नाशी उलटलेली, तीन पिढ्या तिकडे गेलेल्या. मराठी बोलत, पण ती तिकडची, गुजराती मिसळलेली; मला ‘बेन’ म्हणजे ताई म्हणत. माझ्या पहिल्या दिवसापासून या माणसाने मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. विहीर बंद पडली तर साहेबांच्या आधी मला कळवायचे. डबा आणला नसेल तर स्वतःच्या भाकरीतली अर्धी द्यायचे.

तीन नंबरची टाकी आम्ही वापरत नसू. अडीअडचणीला म्हणून ती रिकामी ठेवलेली.

“काका, तीन नंबरवर काय करताय?”

“भरत आली ने, बेन. आज थोडं काढलं नाही तर वरून जाणार.”

“भरत आली? कशाने?”

“एकशे बाराने.” ते शिडी उतरून खाली आले, फडक्याला हात पुसले आणि आवाज खाली आणून खुशीत म्हणाले, “विहीर खुळी झालीय, बेन. दहा दिवस झाले, रोज अकराच्या आसपास देते. पण तुम्ही काळजी नको करू. मी बराबर सहाच ठेवलेत.”

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, अर्थ कळला नाही. त्यांनी मला पंपाच्या खोलीच्या दाराशी नेलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडे लिहिले होते. दहा आठ. अकरा. अकरा एक. दहा नऊ. अकरा.

“हे काय आहे, काका?”

“खरे आकडे. लक्षात ठेवायला लागतात ने, किती बाजूला काढले ते. कमी पडले त्या दिवशी त्यातून घालायचे.”

“कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “तुम्हीच तर बोलला होता, बेन.”

हो. मीच बोलले होते.

वर्षभरापूर्वी आमच्या एका विहिरीने चार दिवस जास्त तेल दिलं होतं. मी हौसेने तो आकडा वर कळवला. लगेच आमच्या केंद्राचं रोजचं लक्ष्य वाढवलं गेलं. पाचव्या दिवशी विहीर परत मूळपदावर आली आणि ओझासाहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला झाडलं, बाईच्या हातात केंद्र दिलं की असंच व्हायचं म्हणाले. मी डोळे पुसत केंद्रात परतले आणि काकांना म्हणाले, “शिर्केकाका, मला रोज एकच आकडा हवा. वर नको, खाली नको. कसं करायचं ते तुम्ही बघा.” त्यांनी बघितलं. त्यानंतर आमचा आकडा हलला नाही. तो कसा हलत नाही हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

पण प्रयोगाच्या विहिरीवरही ते तसंच करतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दहा दिवस पाइपाला हात लावूनही आलं नाही. याला काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही.

“अहो, ते रेगेसाहेब या आकड्याचीच वाट बघतायत,” मी म्हणाले.

“कुठला आकडा? आपला?” काकांचा चेहरा उतरला. “त्यांच्या पेटीवर काटे आहेत ने? मला वाटलं, ते त्यावर बघतात. मला कोणी बोललं का? आणि बेन, अकरा दाखवले तर उद्या वरून लिहून येणार, रोज अकरा द्या. ते साहेब पेटी घेऊन जाणार घरी. महिन्याने विहीर परत सहावर आली की बोलणी कोण खाणार? तुम्ही ने?”

यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी खुर्चीत बसले. साडेआठ वाजले होते.

साडेदहाला मी विहिरीवर पोहोचले. रेगे सर टाय बांधून पत्र्याच्या खोलीबाहेर उभे होते. दाढी गुळगुळीत केली होती आणि गालावर ब्लेड लागलं होतं.

“सर, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“नको सांगू. तोंडावर दिसतंय तुझ्या. सहाच ना?”

“सर, ऐका तरी...”

“अगं, तू कशाला रडतेस?” त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “तुझं मोजमाप चोख आहे, पोरी. चूक माझ्याकडे आहे. कुठेतरी माझ्या हिशेबातच आहे, आणि ती मी शोधून काढीन. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

तेवढ्यात ओझासाहेबांची गाडी आली.

ओझासाहेब गुजराती, पण वीस वर्षं मुंबईत काढल्यामुळे मराठी सफाईने बोलत. त्यांनी माझ्याकडून दहा दिवसांचा तक्ता घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या. मग ते माझ्याकडे वळले. “सबनीस, हे आकडे पक्के? डॉक्टरसाहेबांच्या चौदा वर्षांचा सवाल आहे. तुम्हाला काही शंका असेल तर आत्ता बोला. आपण पुन्हा मोजू.”

याहून सरळ कोणी विचारू शकत नाही. दार सताड उघडं होतं. मी म्हणायला हवं होतं, साहेब, आकडे खोटे आहेत, या दहा दिवसांचे आणि वर्षभराचेही, तीन नंबरची टाकी उघडून बघा. पुढे मी स्वतःला सांगत आले की काकांची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. ते खोटं आहे. त्या क्षणी मला काका आठवलेसुद्धा नाहीत. मला फक्त मीटिंगची ती खोली आणि माझ्याकडे वळलेली तोंडं दिसत होती.

“पक्के आहेत, सर,” मी म्हणाले.

ओझासाहेबांनी तक्ता माझ्यापुढे धरला. मोजमाप करणाऱ्याच्या रकान्यात मी सही केली. रेगे सरांनी त्याखाली केली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘निकाल मान्य’.

भोंगा लाकडी पेटीत घालताना रिगवरच्या पोरांपैकी कोणीही काही विचारलं नाही. जाताना सर पाइपाकडे गेले. हात पुढे केला आणि लावायच्या आधीच मागे घेतला.

एकशे बारा पुढे सव्वा महिना अकरा देत राहिली. मग हळूहळू उतरली. काकांनी ते सगळं तेल दररोज थोडं थोडं करून खपवलं. माझ्या केंद्राचा आकडा हलला नाही. त्या वर्षी मला उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. दोन वर्षांनी काही सामान आणायला भांडारात गेले तेव्हा भोंगा दाराला अडसर म्हणून टेकवलेला दिसला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

शिर्केकाका निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. आता खरं बोलल्याने कोणाचं काही जाणार नव्हतं, माझ्याखेरीज. तरी मला वेंगुर्ल्याला रेगे सरांच्या घरी जायला आणखी चार वर्षं लागली. प्रयोगाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी सांगायचं ठरवून गेले होते. एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती.

दार रेगेकाकूंनी उघडलं. “आत आहेत. हिशेब करतायत,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली, दुसरं काही नाही. रात्री उठून बसतात. तू तरी सांग बाई त्यांना.”

सर खूप वाळले होते, पण मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “सबनीस! बरोबर आज आलीस. ये, बस. सापडली!”

“काय सापडली, सर?”

“चूक!”

टेबलावर वह्यांची चळत होती. त्यांनी सगळ्यात वरची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पानाच्या शेवटी अकरा लिहून खोडलं होतं. त्याच्या बाजूला सहा पूर्णांक एक, आणि त्याभोवती लाल गोल.

“लाट खडकात किती लवकर विझते, तो आकडा मी फार कमी धरला होता. तिप्पट धरायला हवा होता. तिप्पट धर आणि बघ, उत्तर येतं सहा पूर्णांक एक. अगदी तुझा आकडा.”

मी पान वाचलं. वर जे खोडलं होतं ते सगळं बरोबर होतं. त्याखाली जे लिहिलं होतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, कुठल्याच खडकात नव्हतं.

“पण सर, तिप्पट का धरायचा?”

“तोच तर प्रश्न नऊ वर्षं छळत होता. आधी मीही धजत नव्हतो. पण मोजलेलं खोटं असत नाही ना, सबनीस. मोजणाऱ्याने चोख मोजलं होतं. मग खोटं उरतं कोण? मी.” ते समाधानाने मागे टेकले. “काल रात्री कितीतरी वर्षांनी सलग झोपलो.”

काकू चहा गाळत होत्या. गाळणी तुंबली असावी, चमच्याची टकटक स्वयंपाकघरातून ऐकू आली. सरांचं तिकडे लक्षही गेलं नाही. मी तोंड उघडलं. एसटीत जुळवलेलं पहिलं वाक्य होतं, ‘सर, पाइप खरंच गरम होता.’ ते ओठांवर आलं होतं. पण त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

“तपासणाऱ्याची सही राहिलीय. दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, तुला ठाऊक आहे. इथे मला कोण मिळणार? नीट बघून घे, घाई नाही.”

मी पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेन घेतलं, ‘तपासले, बरोबर’ असं लिहिलं आणि सही केली.

सरांनी वही उचलून ती सही डोळ्यांजवळ धरून पाहिली.

“तुझी सही आहे म्हणजे प्रश्नच मिटला,” ते म्हणाले.